अस्वल आला

तुळशीराम,

परवा तुझी तेरवी झाली. भाजी तुझ्याच वावरातल्या वांग्यांची होती आणि तिखट तू असताना असायचं तेवढंच होतं. म्हणजे निम्म्या लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते नेमकं कशानं आलं, हे कोणाला विचारता येत नव्हतं. मी दोनदा वाढून घेतली. आपलं जे भांडण अर्धं राहिलं होतं, ते त्याच दिवशी दुपारी आंजी गावातल्या तुझ्या अंगणात मिटलं. कोण जिंकलं ते शेवटी सांगतो. तुला मध्येच तोंड घालायची सवय आहे, म्हणून आधीच बजावून ठेवतो.

भांडणाची सुरुवात तुला आठवत असेलच, पण तू ती नेहमी तुझ्या सोयीनं सांगायचास, म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐक. वर्ध्याच्या केबलवाल्यांनी मुलांचा कार्यक्रम काढायचं ठरवलं. मी कॉलेजात मराठी शिकवत होतो, म्हणून लिहायला मला बोलावलं. तू गावच्या नाटकात राक्षस करत होतास आणि दारातून वाकून यावं लागेल इतका उंच होतास, म्हणून तुला बोलावलं. मी एक विदूषक लिहिला आणि एक अस्वल लिहिलं. विदूषकासाठी ठरवलेला नट पहिल्याच दिवशी आला नाही, आणि लाल नाक माझ्या मापाचं निघालं. माणसाच्या आयुष्याला वळण लागतं ते अशा मोठ्या कारणांनी.

अस्वलाचा पोशाख बँडवाल्यांचे कोट शिवणाऱ्या शिंप्यानं एका काळ्या ब्लँकेटचा शिवला होता. ब्लँकेटच्या दुसऱ्या बाजूला लाल गुलाब होते. ते आत गेले. बाहेरून अस्वल, आतून गुलाब. डोकं बनवलं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या कारागिरानं, कागदाच्या लगद्याचं. अस्वलाचे डोळे बारीक असतात हे मी त्याला बजावून सांगितलं होतं. तरी त्यानं मोठे, ओले, बैलाचे डोळे काढले. मी तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, "हाताले बैलाचीच सवय हाय सर. पन पाहा तुमी, पोट्टे भेनार नाई." पोट्टे भ्याले नाहीत. अस्वलाची भीती वाटते हे वर्ध्याच्या एका पिढीला माहीत नाही, याला तो जबाबदार आहे.

पहिलं रेकॉर्डिंग शाळेच्या हॉलमध्ये होतं. मी पडद्याकडे पाठ करून ओरडायचं, "अस्वल आलं, अस्वल आलं," आणि तू झुलत बाहेर यायचंस. मी ओरडलो. तू आलास, पण मध्येच थांबलास. त्या डोक्यातून विहिरीतून यावा तसा आवाज आला, "आला."

मला वाटलं तू घाबरून काहीतरी बरळतोयस. मी पुन्हा म्हणालो, "अस्वल आलं."

"आला म्हना, सर. अस्वल आला."

समोरची पोरं खो खो हसली आणि एका सुरात ओरडली, "आला, आला." कॅमेरावाल्यानं कॅमेरा थांबवला नाही, कारण तो स्वतःच हसत होता. तेव्हापासून प्रत्येक भागाची सुरुवात तीच झाली. विदूषकानं शुद्ध बोलायचं आणि मुलांनी ते दुरुस्त करायचं. केबलवाल्यांना वाटलं ही माझी कल्पना. मी त्यांचा गैरसमज फारसा दूर केला नाही, आणि तू मात्र तो जिथे तिथे दूर करत फिरलास.

त्या दिवशी तुझी लेक रेखा, तेव्हा शाळेत जाणारी, पाठीमागचे हूक काढत होती. मी तुला समजावून सांगत होतो की अस्वल हा शब्द नपुंसकलिंगी आहे. हे ऐकल्याबरोबर तू काखेतलं डोकं खाली ठेवलंस.

"कोन?"

"अस्वल."

"सर, आतमधी मी हाव. मले दोन पोरं अन् एक पोरगी हाय."

"तुझ्याबद्दल नाही बोलत मी. शब्दाबद्दल बोलतोय. ते अस्वल. ते मांजर, ते वासरू, ते लेकरू."

"लेकरू मोठं झालं का तो होते ना? मंग हे अस्वल काय जनमभर लेकरूच राहीन?"

 तेव्हा मी दुसरीकडून आलो. म्हटलं, आम्ही म्हणतो तो येतो, तुम्ही म्हणता तो येते. तुझ्या बोलीत तो आधीच अर्धा ते झालेला आहे, मग तुझी एवढी हरकत कशाला? तू डोकं उचलून चालू लागलास. मी जिंकलो असं समजून घरी गेलो. पुढच्या रेकॉर्डिंगला तू पोशाख चढवता चढवता म्हणालास, "सर, तुमी 'त्याले' म्हनत जा. 'त्याले' म्हनलं का कोनाले समजतच नाई, आत तो हाय का ते." तोडगा निर्दोष होता. अडचण एवढीच, की अस्वल मंचावर आणायचं तर कधीतरी आला किंवा आलं म्हणावंच लागतं.

शोकसभेत तुला फार विनम्र करण्यात आलं. म्हणून इथे नोंदवून ठेवतो की तू विनम्र वगैरे काही नव्हतास. अस्वलाच्या बाबतीत तर तू माजोरडा होतास. फोटो काढताना आमदार मधे उभे राहिले तर तू त्यांना कोपरानं बाजूला सारायचास आणि मग पंजा वर करून निरागस उभा राहायचास. अस्वलाला कोण काय म्हणणार? भाषणं लांबली की तू खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागायचास, आणि ते घोरणं अस्वलाचं आहे की तुझं हे आम्हाला कधीच कळलं नाही. अस्वल मधाऐवजी वांगं खातं हेही तूच ठरवलंस. मी म्हटलं, जगात कुठलंही अस्वल वांगं खात नाही. तू म्हणालास, "त्याईले कोनी देल्लं का?"

आणि ते तुझं काऊन. मी लिहिलेला विदूषक स्वतःला विद्वान समजणारा होता, त्यासाठी मला फार कष्ट पडले नाहीत. तो म्हणायचा, "बालमित्रांनो, शिस्त हा जीवनाचा पाया आहे." अस्वल विचारायचं, "काऊन?" विदूषक कारण सांगायचा. अस्वल पुन्हा, "काऊन?" तिसऱ्या काऊनला विदूषकाची विद्वत्ता संपायची आणि नाक गळून पडायचं. पुढे पुढे कॉलेजच्या वार्षिक समारंभात प्रास्ताविक करताना मला मधेच तुझा आवाज ऐकू यायला लागला, आणि माझी भाषणं लहान झाली. माझे सहकारी अजून म्हणतात, हा माणूस उतारवयात सुधारला. कोणामुळे ते मी सांगितलं नव्हतं. तुलाही नाही.

एका गोष्टीत मात्र तू थट्टा चालू दिली नाहीस. डोकं काढताना कोणी मूल दिसता कामा नये. नवतपाच्या उन्हात रेकॉर्डिंग असलं तरी मुलं हॉलबाहेर जाईपर्यंत तू आत शिजत उभा राहायचास. डोकं काढलं की ब्लँकेटचे गुलाब भिजून गडद झालेले असत. आत असताना तुला बैलाच्या त्या डोळ्यांतून काही दिसायचं नाही. तू अस्वलाच्या तोंडातून बघायचास, आणि तिथून फक्त पाय दिसायचे. इतकी वर्षं मुलांमध्ये काढलीस आणि त्यांचे चेहरे क्वचितच पाहिलेस. "ते लाल सँडल आज रडून राह्यले होते," असं तू मला सांगायचास, आणि मी डोळे असलेला माणूस विचारायचो, कोणते लाल सँडल?

कारंज्याच्या धाब्यावरची ती दुपार आठवते? शाळेचा कार्यक्रम आटोपून आपण हायवेवर जेवायला थांबलो होतो. डोकं चादरीत बांधून गाडीत ठेवलं होतं. पोऱ्यानं सांगितलं की शेवभाजी संपली. तू विचारलंस, "काऊन?" शेजारच्या टेबलावरची एक चिमुरडी गर्रकन वळली. सकाळी ती कार्यक्रमात पहिल्या रांगेत होती. त्यानंतर तू एक शब्द बोलला नाहीस. बोटानं पोळी मागितलीस, बोटानं पाणी. पोऱ्याला वाटलं माणूस मुका आहे, त्यानं दयेनं कांदा जास्त आणून दिला. पोरगी तुझ्या तोंडाकडे टक लावून बसली होती आणि तू खाली मान घालून तिचे पाय बघत होतास. गाडीत बसल्यावर मी हसायला लागलो. तू हसला नाहीस.

"पोट्ट्यानं पाह्यलं का अस्वल मरते, सर. मले काई होत नाई. पन तो मरते."

मग नागपूरच्या काही तरुणांनी आपल्या कार्यक्रमाचं कार्टून केलं. आवाज द्यायला तुला बोलावलं आणि सांगितलं की सगळीकडच्या मुलांना कळावं म्हणून काऊनच्या जागी का म्हणा. तू म्हणालास, "का?" ते इतकं केविलवाणं होतं की काचेमागचे सगळे हसले आणि काऊन राहिलं. त्यांनी तुला चालायलाही लावलं, अस्वलाची चाल काढण्यासाठी. तुझा उजवा गुडघा दुखायचा, तू पाय किंचित ओढायचास. त्यांनी तेही काढलं. आता मोबाईलवर ते अस्वल उजवा पाय ओढत चालतं, आणि कुठल्या कुठल्या गावांतल्या मुलांना वाटतं की अस्वलं अशीच चालतात.

दवाखान्यात मी आलो तेव्हा तुझ्या नाकाला नळी होती. मला बघून म्हणालास, "आज नाक मले लावलं." मग म्हणालास, "मंग काय ठरलं सर? आला का आलं?"

"आधी बरा हो."

"म्हंजे हारले तुमी."

"हरलो नाही. भेटायला आलोय."

तू हसलास, हसताना खोकला आला, आणि नर्सनं मला बाहेर काढलं. आपलं शेवटचं बोलणं ते. पुष्कळांचं शेवटचं बोलणं यापेक्षा गंभीर असतं. मी मनात दुसरं एखादं रचून पाहिलं, पण त्यात तू विश्वास बसणार नाही इतका शहाणा झालास, म्हणून सोडून दिलं.

तू गेलास त्या दिवशी तुझ्या अंगणात उभा होतो. तुझा चुलतभाऊ दवाखान्यात गेलेल्यांना फोनवर विचारत होता, "आनलं का? कोठवरी आलं?" कोणी म्हणालं, उन्हाच्या आत न्यायला पाहिजे ते.  सकाळपर्यंत तू तो होतास, दुपारी तुझं ते झालं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, त्यात तू आदरानं ते झाला होतास: ते मनमिळाऊ होते. आपल्या भाषेत माणूस मेला की त्याला दोन्ही बाजूंनी ते करतात, एकदा वस्तू म्हणून आणि एकदा थोर म्हणून. तो कोणीच ठेवत नाही.

दोन-तीन दिवसांनी वहिनींनी बोलावणं पाठवलं. तुझं डोकं, म्हणजे अस्वलाचं, कपाटावर चादरीत बांधलेलं होतं. वहिनी त्याच्याकडे न बघता बोलत होत्या.

"भाऊजी, केबलवाले येऊन गेले. डोक्स मांगून राह्यले."

"कशाला?"

"शोकसभेत खुर्चीवर ठेवतो म्हनतेत. हार घालाले. शाळेचे पोट्टे आननार हायेत, फुलं वाहाले." मग म्हणाल्या, "हे गेले. ते तर दिसूनच राह्यलं. पन अस्वल काऊन मारता, म्हना त्याईले."

तुझं काऊन त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. 

केबलच्या ऑफिसात गेलो. टेबलावर फ्लेक्स पसरला होता. तुझा फोटो एका कोपऱ्यात, अस्वलाचा मोठा, मधोमध, भोवती काळी चौकट. खाली 'ज्येष्ठ अस्वल कलावंत'. ज्येष्ठ हे अस्वलाचं विशेषण की कलावंताचं, असं मी विचारलं. संचालक म्हणाला, "दोघांचंही, सर." आणि वर, बैलाच्या डोळ्यांच्या वर, ठळक अक्षरांत दोनच शब्द होते: अस्वल हरपले.

व्याकरणात चूक नव्हती, तुळशीराम. अस्वल, नपुंसकलिंग, एकवचन, हरपले. ज्या शुद्ध रूपासाठी मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो, ते काळ्या चौकटीत छापून समोर होतं. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की हे चुकलेलं असतं तर बरं झालं असतं.

"डोकं मिळणार नाही," मी म्हणालो.

"सर, प्रतीकात्मक आहे ते."

"लहान मुलाला प्रतीक कळत नाही. हार कळतो. फोटोला हार घातला म्हणजे काय झालं, हे घरोघरी कळतं."

"अहो, पण कधीतरी कळणारच ना पोरांना." संचालक वाईट माणूस नाही. बोलताना त्याचा आवाज बसला होता, आणि पहिल्या रेकॉर्डिंगला हसणारा कॅमेरावाला तोच होता, हे तू विसरला नसशील. "शाळांना सांगून झालं सर. डोकं राहू द्या. फ्लेक्स तर लागेलच."

फ्लेक्स लागला. घरच्यांना सुतक, त्यामुळे तुमच्याकडून कोणी आलं नव्हतं. खुर्ची रिकामी होती आणि तिला हार होता. वक्ते एकामागून एक उठले. ते साधे होते, ते निगर्वी होते, ते मातीशी जोडलेले होते. पुढे सतरंजीवर मुलं बसली होती, हातात झेंडूचं एकेक फूल घेऊन. एक मुलगा फ्लेक्स वाचत होता, ह, र, प, ले. त्यानं बाजूच्या पोरीला विचारलं, "हरपले म्हंजे?" तिला माहीत नव्हतं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "मेला म्हंजे. अस्वल मेला." ते रांगेतून सरकत गेलं, मेला, अस्वल मेला, आणि एका पोराचा ओठ थरथरायला लागला. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

माझ्या खिशात भाषण होतं. चांगलं होतं. त्यात तू तिसऱ्या परिच्छेदात येत होतास. ते मी बाहेर काढलंच नाही. नाक नव्हतं लावलेलं, तरी मला विदूषकाचाच आवाज लागला.

"मुलांनो, आज अस्वल आलं नाही."

सवयीनं, हातातली फुलं तशीच ठेवून, ती ओरडली, "आला नाई."

मग ओठ थरथरणाऱ्या पोरानं विचारलं, "काऊन?"

"त्याला सुतक आहे," मी म्हणालो.

व्यासपीठावर कोणीतरी खाकरलं. मुलं मात्र हलली नाहीत. सुतक त्यांना ठाऊक होतं. घरात कोणी गेलं की देवळात जात नाहीत, गोड करत नाहीत, कोणाकडे कार्यक्रमाला जात नाहीत. "त्याचा एक मित्र होता," मी सांगितलं, "तुळशीराम नावाचा, त्या कोपऱ्यातल्या फोटोतला. दोघं एकाच घरात राहायचे, एकाच ताटात वांगं खायचे. तो मित्र गेला. म्हणून अस्वल घरी बसला आहे. त्याला फार वाईट वाटतंय. फुलं तुळशीरामला वाहा."

त्यांनी फुलं तुला वाहिली, कोपऱ्यात, ढकलाढकली करत. मी 'बसला' म्हणालो, हे मला खाली उतरल्यावर कळलं. उतरताना एका मुलीनं माझा सदरा ओढला.

"मंग तेरवी झाल्यावर येईन का?"

"येईल."

येईल म्हणालो खरा. बाहेर संचालकानं मला गाठलं. "सर, आता आत कोण जाणार?" मला माहीत नव्हतं. तुझे दोन्ही मुलगे भाजी बाजारात पोचवतात आणि माणसांसमोर बोलायला घाबरतात. माझी उंची तू पाहिलेली आहेस. तुझं अस्वल मी हारातून सोडवलं होतं, पण आता माझ्या येईलमध्ये अडकवलं होतं, आणि ते आलं नाही तर त्या मुलीच्या लेखी शेवटी तो फ्लेक्सच खरा ठरणार होता.

तेरवीला पाहुणे पांगल्यावर वहिनींनी पोशाख उन्हात टाकला होता, उलटा करून. दोरीवर सगळे गुलाब लटकत होते. मी खाटेवर सुपारी चघळत बसलो होतो. रेखानं तो दोरीवरून ओढला आणि आत गेली. रेखा आता वर्ध्याला माझ्याच नालवाडीत राहते, अंगणवाडीत शिकवते, आणि उंचीत तुझ्यावर गेली आहे, हे तुला सांगायची गरज नाही. आतून वहिनींचा आवाज येत होता, "हूक लागत नाई ना बाप्पा. थांब जराशी."

मग दारातून वाकून ते बाहेर आलं. काळं, ढगळ, बैलाच्या डोळ्यांचं. अंगण ओलांडताना उजवा पाय किंचित ओढत होतं. रेखाचे दोन्ही गुडघे धडधाकट आहेत.

मी सुपारी थुंकून उभा राहिलो. पण मी मराठीचा मास्तर आहे, आणि तुझाच मुद्दा धरायचा तर लिंग आत कोण आहे त्यावर ठरतं. म्हणून मी नियमाला धरून म्हणालो, "अस्वल आली."

अस्वल थांबलं. त्या डोक्यातून, विहिरीतून यावा तसा, बाईचा आवाज आला.

"आला म्हना, काका." आणि मग हळूच, "मले तुमचे पायच दिसून राह्यले."

तेव्हा ऐक. आत कोण आहे त्यावर ठरतं, हा तुझा मुद्दा होता. तो पडला. शब्द काय आहे त्यावर ठरतं, हा माझा. तोही पडला. आपण दोघंही हरलो, आणि मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. तुझ्याशी पुढचा मुद्दा काढून भांडायला तू समोर हवा होतास, एवढंच.

आतून, चुलीजवळून, वहिनींनी विचारलं, "आला का?"

मी म्हणालो, "आला."